अंगात आलेलं पिचिंग

"उद्यापासून पिचिंग तू करायचंस," असं रावजी सर म्हणाले तेव्हा ते दुसऱ्याच कुणाशी बोलताहेत असं उज्वलाला वाटलं. तिने मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. मग मात्र तिच्या डोक्यात तिडीक गेली. सॉफ्टबॉल कशाशी खातात हे नाशकात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, तेव्हापासून ती दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या त्या जागेवर, शॉर्टस्टॉपला, उभी होती. जमिनीवरून सरपटत आलेला असो की कानाजवळून सणसणत आलेला असो, तिथला चेंडू उज्वलाच्या हातून सुटत नसे. लग्न झालं, पतसंस्थेत नोकरी लागली, मुलगी शाळेत जाऊ लागली, पण ती जागा काही तिने सोडली नव्हती. आणि आता, सत्त्याण्णव साल संपत आलेलं असताना, जिल्हा स्पर्धेचा अंतिम सामना तोंडावर आलेला असताना, हा माणूस तिला पुन्हा पाटीपेन्सिल घेऊन पहिलीत बसायला सांगत होता.

सरांचाही नाइलाज होता. संघाची पिचर आशा हिचं नुकतंच देवळ्याला लग्न झालं होतं. सर तिला आणायला स्वतः तिच्या सासरी जाऊन आले. सासूबाईंनी चहा पाजला, खेळाची नीट चौकशी केली आणि सांगितलं, "कांद्याची लागण उरकू द्या, मग न्या तिला खुशाल. आत्ता लय घाई हाय." लागण उरकेपर्यंत संक्रांत उजाडणार होती आणि सामना तर त्याच्या आधीच होता.

"एवढा एक सामना काढून दे," सर म्हणाले. "जिल्ह्याच्या संघात शॉर्टस्टॉपची जागा तुझी, हा माझा शब्द. नाही म्हणालीस तर मग मला सरिताचा विचार करावा लागेल. ती तशीही तिथे सराव करतेच आहे."

सर जिल्ह्याच्या संघाचेही प्रशिक्षक होते. उज्वलाने एकदा सरिताकडे पाहिलं. ती पोरगी उज्वलाच्या जागेवर, उज्वलाच्याच पद्धतीने गुडघ्यात वाकून उभी होती. उज्वलाने मुकाट्याने चेंडू घेतला.

आयुष्यभर तिने चेंडू खांद्यावरून फेकला होता. तोही विचार न करता. कारण शॉर्टस्टॉपने विचार केला की समोरची पोरगी बेसवर पोचलीच म्हणून समजा. पिचिंगचं सगळंच उलटं. आधी चेंडू धरून दोन्ही हात छातीशी जुळवायचे, क्षणभर स्तब्ध उभं राहायचं, मग हात खांद्यातून पुरता गोल फिरवायचा आणि मांडीपाशी मनगटाला झटका देऊन खालून चेंडू सोडायचा. उज्वलाचा पहिला चेंडू आभाळात गेला. दुसरा कॅचरच्या डोक्यावरून जाऊन चहावाल्याच्या किटलीवर बसला. त्यावर सरिता अगदी आदराने म्हणाली, "ताई, मनगट जरा उशिरा फिरतंय का?" उज्वलाला जे सुचलं होतं ते मैदानात बोलण्यासारखं नव्हतं.

सरांनी मग घरचा अभ्यास दिला. रोज संध्याकाळी चेंडूशिवाय नुसता हात फिरवायचा, डोळे मिटून, आणि झटका देताना श्वास जोरात बाहेर सोडायचा. पंचवटीतल्या तिच्या गल्लीत अंगण नावाचा प्रकार नव्हता, म्हणून ती गच्चीवर गेली. तो नेमका मंगळवार निघाला. नुकतीच न्हायलेली असल्यामुळे केस मोकळे होते. तिने डोळे मिटले, हात छातीशी जुळवले, स्तब्ध उभी राहिली आणि मग गरागरा हात फिरवून "हुं" केलं. पुन्हा हात जोडले, पुन्हा "हुं" केलं.

समोरच्या गच्चीवर चतुराबाई वाळलेले पापड गोळा करत होत्या. त्यांनी पापड तिथेच ठेवले.

थोड्या वेळाने उज्वलाच्या दारात चतुराबाई उभ्या होत्या. हातात नारळ, हळदकुंकू आणि खण. कालपर्यंत "गं उज्वले" म्हणणाऱ्या बाईंनी तिच्यासमोर पदर पसरला. "माउली, आमच्या पुष्पीचं यंदा जमेल ना?"

"अहो काकू, मी पिचिंग शिकतेय," उज्वला म्हणाली. "खेळातला प्रकार आहे तो."

"वणीची आई पहिल्यांदा कबूल करतच नसते," चतुराबाई समजूतदारपणे म्हणाल्या आणि नारळ उंबऱ्यावर ठेवून गेल्या.

उज्वलाचा संताप संताप झाला. इतकी वर्षं जिल्ह्याकडून खेळलेली बाई डोळ्यांसमोर राहते, ते कधी कुणाच्या ध्यानात आलं नाही. हात फिरवला तर मात्र थेट देवी. दुसऱ्या दिवशी तिने केसांची घट्ट वेणी घातली आणि अंगात संघाची जर्सी चढवली. पण तोवर आसपासच्या गच्च्या भरून गेल्या होत्या. तिच्या प्रत्येक "हुं"ला पलीकडून हात जोडले जात होते. एकीने नवऱ्याच्या बदलीचं विचारलं, दुसरीने गुडघेदुखीचं. उज्वलाचा नवरा महेश याने या प्रकरणात तिची बाजू घ्यायला हवी होती. तो खोबऱ्याच्या वड्या खात म्हणाला, "आणखी पंधरा दिवस तरी शिक. नारळाचा खर्च वाचतोय."

ती रागाने गच्चीवर जायचीच बंद झाली, तर आई कोपली म्हणून गल्ली हवालदिल झाली. शेवटी उज्वलाने चतुराबाईंना गाठून सांगितलं की रविवारी अंतिम सामन्याला सगळ्यांनी मैदानावर या आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा. समोरच्या संघाची, लासलगावची पिचरसुद्धा अस्साच हात फिरवते. एवढ्या पुराव्यानंतर तरी हे खूळ जाईल, असा तिचा हिशेब होता.

रविवारी रिक्षा भरभरून गल्ली आली. ओटीचं सामान घेऊन आली. लासलगावच्या पिचरने पहिला चेंडू टाकायला हात फिरवला, तेव्हा चतुराबाईंनी कपाळाला हात लावून नमस्कार केला. "बघा, हिच्यापण अंगात आहे," त्या शेजारणीला म्हणाल्या. "पण आपली थोरली."

लासलगावची फलंदाजी आली तेव्हा त्यांनी सोपी युक्ती काढली होती. पिचर नवीन आहे, बॅट हलवूच नका, चेंडू बाहेरच जाणार. तसे ते जातही होते. चार चेंडू बाहेर गेले की समोरची पोरगी फुकटात पहिल्या बेसवर, या हिशेबाने मैदानात जणू दर्शनाची रांग लागली आणि लासलगावच्या धावा चालून चालून झाल्या. शॉर्टस्टॉपला सरिता हात बांधून उभी होती, कारण तिच्याकडे चेंडू यायचं काही कारणच नव्हतं. उज्वलाचे कान तापले.

तेवढ्यात लासलगावच्या मुलींनी ओटी घेऊन आलेल्या बायकांकडे चौकशी केली आणि पिचरच्या अंगात देवी येते असं त्यांना कळलं. त्यानंतर फलंदाजीला आलेल्या पोरीने आधी उज्वलाला वाकून नमस्कार केला. तिच्या पुढची ते बघून हसली, आणि नेमका उज्वलाचा निसटलेला चेंडू तिच्याच दंडावर बसला. मग विचारायलाच नको. पोरी रेषेच्या शक्य तितक्या कडेला उभ्या राहू लागल्या आणि उंचावरून जाणाऱ्या चेंडूलाही डोळे मिटून बॅट फिरवून, बाद होऊन, सुटल्यासारख्या परत जाऊ लागल्या. नाशिकच्या मुलींनी धावा फेडल्या, एक वरही काढली. गल्लीने आरती सुरू केली. उज्वलाला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकीलाही तिने बाद केलं नव्हतं. ज्या त्या आपणहून गेल्या होत्या.

शेवटची आली ती लासलगावची कप्तान. तिने नमस्कार केला नाही. कडेलाही सरकली नाही. "टाका," एवढंच म्हणाली.

इतक्या दिवसांत उज्वलाला खेळाडू समजून कुणीतरी पहिल्यांदाच बोललं होतं. तिने हात जुळवले, मनगट वेळेवर फिरलं, आणि चेंडू मधोमध गेला. दुसराही गेला. तिसरा कप्तानच्या गुडघ्याच्या उंचीवरून असा वळून आत शिरला की तिची बॅट नुसत्या वाऱ्यातून फिरली. तीन चेंडू हुकल्याने कप्तान बाद झाली आणि सामना संपला. त्या चेंडूकडे कुणाचंही लक्ष नव्हतं. बायका खण-नारळ घेऊन मैदानात धावत होत्या, सर टाळ्या वाजवत होते. फक्त कप्तान तिच्याजवळ आली. "शेवटचा कसा टाकला?" तिने विचारलं. "बोटं कुठं ठेवलीवती?" उज्वलाने भर मैदानात, कपाळाला मळवट फासला जात असताना, तिला बोटं दाखवली.

सरांनी शब्द पाळला. जिल्ह्याच्या संघाच्या पहिल्या सरावाला उज्वला आपल्या हक्काच्या जागेवर गुडघ्यात वाकून उभी राहिली आणि आशाची लागण अजून उरकली नसल्यामुळे पिचिंगला सरिता गेली. पहिला चेंडू बाहेर. दुसरा जमिनीत. उज्वलाने तोंड आवळून धरलं. तिसऱ्याला मनगट इतकं उशिरा फिरलं की तिला ते बघवेना. एवढं साधं मनगट, ते वेळेवर फिरवता येऊ नये म्हणजे काय. ती तरातरा चालत गेली आणि सरिताच्या हातातून चेंडू काढून घेतला. "तू जा तिकडे."

सरिता आनंदाने पळत शॉर्टस्टॉपला गेली.

"अगं, पण ती जागा तुला हवी होती ना?" सरांनी विचारलं.

"जागा माझीच आहे," उज्वला फणकाऱ्याने म्हणाली. "सध्या तिला राखायला दिलीय." आणि तिने हात छातीशी जुळवले.