पडताळे आबा आणि पिवळं पाणी

आमच्या ताडकळसात कुणी वारलं की लोक आधी एक काम करतात. पडताळे आबांना मागच्या रांगेत बसवतात. एकदा असंच एका घरी आम्ही बसायला गेलो होतो. कुणीतरी उसासा टाकून म्हणालं, "सोन्यासारका मानूस व्हता." तर आबा लगेच, "पडताळलं का?" सगळ्यांनी वळून बघितलं! आणि खोटं कशाला बोलू, पदराआड वारलेल्याची बायको हसली. मी बघितलं ना.

आबांचं खरं नाव गंगाराम. माझ्या शिलाईच्या दुकानामागंच त्यांचा मेंढवाडा. शाळा पाहिलेली नाही, घरात दुसरं माणूस नाही. पण कुणी काही ठासून सांगितलं की यांचं सुरू, "पडताळलं का?"

गावातल्या टारगटांना तेवढंच पाहिजे असतं. मोबाईलवर आलंय म्हणून त्यांनी एकदा सांगितलं, "आबा, उद्या सूर्य निळा उगवायलाय." दुसऱ्या कुणी हसून सोडून दिलं असतं. हा बाबा पहाटेच माळावर जाऊन बसला आणि दिवस वर आल्यावर दारोदार सांगत हिंडला, "निळा न्हाई. मी सोता बगितला." लोकांनी पोट धरून हसून घेतलं. मला मात्र आबांचा राग यायचा. एका गिऱ्हाइकाला मी म्हणाले, ब्लाउज अगदी मापात बसेल. आबा मेंढरू ओढत चालले होते, तिथंच थांबून बोलले, "पडताळलं का?" बाईनं घालून पाहिला. दंडात अडकला. त्या दिवशी मी आबांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

मग पावसाळ्याच्या शेवटी माझी वर्षा आजारी पडली. आठवीतली पोर, अन्नाला शिवेना, डोळे हळदीसारखे पिवळे. सासूबाई म्हणाल्या, "काविळीवर दवाखान्यात इलाज नसतोय. उतरवून आन." पालमच्या अलीकडं एका वस्तीवर एक बाई कावीळ उतरवते. पाच वार जायचं. पैसा घेत नाही, नुसता नारळ. पैसा घेत नाही म्हटल्यावर शंका कुठून येणार?

पहिल्या वारी बाईनं वर्षाच्या हातांना कसलीशी भुकटी चोळली आणि परातीतल्या चुन्याच्या निवळीनं हात धुतले. पाणी पिवळंधमक! माझा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या वारीही तेच. तिसऱ्या वारी एसटीत चढले तर मागून आबा चढले. कुणी बोलावलं होतं? वाटेत ते नुसते पोरीच्या तोंडाकडं बघत होते.

वर्षाचे हात धुऊन झाले, पाणी पिवळं झालं आणि आबांनी आपले हात पुढं केले. "माजेबी धू." बाईनं भुकटी चोळली, हात धुतले. पाणी तसंच पिवळं.

"तुमालाबी हाय की कावीळ!" बाई घाबरून म्हणाली.

आबांनी रांगेतल्या एका धडधाकट पैलवानगड्याला पुढं ओढलं. त्यालाही निघाली! तो बिचारा जीभ बाहेर काढून ज्याला त्याला दाखवत सुटला. कुणी हसलं, कुणी आबांना शिव्या दिल्या. त्यात मीही होते. "आबा, माझ्या लेकराच्या जिवावर चेष्टा करता का?"

त्यांनी ऐकलंच नाही. वर्षाचे हात साध्या पाण्यानं स्वच्छ धुतले. "आता बिनभुकटीचं धू." बाईनं नवी निवळी ओतली. पाणी पांढरंच्या पांढरं राहिलं. पोरीचे डोळे पिवळे आणि परातीत पांढरं पाणी. मी पोरीला कवटाळून खाली बसले.

"बाई लबाड न्हाई," आबा म्हणाले. "तिलाबी ठावं न्हाई. ऊठ माय, जीप थांबीवतो."

परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी डोळे बघूनच विचारलं, "इतके दिवस काय करत होतात?" पोर तिथं अकरा दिवस होती. चौथ्या दिवशी तिनं स्वतःहून भाकरी मागितली आणि मी वॉर्डाबाहेर येऊन रडले. आबा बाकावर बसलेले होते. मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करून चार दिवस तिथंच.

"तुमाला कसं कळलं ओ आबा?"

आबांनी डोक्याचा पटका सोडून मांडीवर घेतला.

"सखूला असंच झालतं. माज्या बायकूला. या बाईच्या सासूकडं नेत व्हतो. दर वारी पानी पिवळं व्हायचं अन् मी गावभर सांगायचो, उतरायलीय म्हून. चौथ्या वारी सखूनं आरसा घेतला. म्हनली, आवो, पानी पिवळं व्हायलंय, पर माजे डोळे हायेत तसेच हायेत की. मला दवाखान्यात न्या."

"मग?"

"मी खेकसलो. म्हनलो, एवड्या लोकांपरीस तुला जास्ती कळतंय का?"

पटक्याच्या शेवानं त्यांनी नाक पुसलं.

"तवापून ती गपच झाली, माय. मरस्तोवर तिनं मला पुन्यांदा कायबी इचारलं न्हाई."