साडेनऊ विरुद्ध साडेनऊ

नाडकर्णीकाकांकडे चहासुद्धा मतदानाशिवाय होत नाही. आलं घालायचं की वेलची, यावर हात वर करायचे. हरलेल्यांनी निमूट प्यायचा. काकू गेल्यापासून काका लंडनच्या हॅरोत आमच्या शेजारी एकटेच राहतात. आमच्या मराठी मंडळाचे ते अध्यक्ष, मी चिटणीस. कसलाही वाद निघाला की त्यांचं एकच: "लोकांना विचारू."

त्या वर्षी स्कॉटलंड वेगळं होणार का, याची बातम्यांत चर्चा होती. काका सकाळीच पेपर घेऊन माझ्या किचनमध्ये.

"विचारायचं कोणाला, सुनंदा? फक्त त्यांना, की आपल्यालाही?"

"काका, मला आठ वीसची ट्रेन पकडायचीय."

"म्हणजे तटस्थ," म्हणत त्यांनी वहीत नोंद केली.

आणि त्याच महिन्यात आमच्या पाऊण तासावरच्या मेडनहेड गावातल्या सभासदांनी वेगळं मंडळ, वेगळा गणपती असं काढलं. त्यांचा पुढारी राहुल, पुण्याचा सॉफ्टवेअरवाला. म्हणाला, "काका, परमिशन नाही मागत, नुसतं कळवतोय."

"मग सार्वमत घेऊ," काका म्हणाले.

माझा गोंधळ इथून सुरू झाला. हॅरोकर म्हणाले, मंडळ आमचंही आहे, आम्हालाही मत हवं. मेडनहेडकर म्हणाले, जायचंय आम्हाला, तुम्ही कोण विचारणारे? मला दोन्ही पटलं, आणि चिटणिसाला दोन्ही पटून चालत नाही. मत फक्त मेडनहेडचं, असा निर्णय काकांनी दिला. मग आठवडाभर त्याच एकोणीस घरांना फोन करून "राहा रे बाबांनो" म्हणून विनवत बसले.

आमचं सभासदत्व घरटी असतं, म्हणून मतपत्रिकाही घरटी एक. मोजणीला नऊ 'हो', नऊ 'नाही'. एकोणिसावी आली ती दोन तुकड्यांत. एकावर 'हो', एकावर 'नाही'. राहुलच्याच घरची.

"घरात आधी विचारलं असतंस, तर कागद फाटला नसता," त्याची बायको मृणाल सगळ्यांसमोर म्हणाली.

अर्धं मत धरायचं की बाद करायचं, यावर हॉलमध्ये पंधरा मिनिटं भांडण. धरलं तरी बरोबरी आणि सोडलं तरी बरोबरीच, हे एवढ्या इंजिनिअरांपैकी कोणाच्याच लक्षात येईना. राहिलं अध्यक्षांचं निर्णायक मत.

काकांनी 'हो' सांगितलं. जाऊ द्या त्यांना.

"काका, आर यू शुअर?" राहुलच गडबडला.

परतताना मी गाडीत विचारलं, "तुम्हाला तर ते राहायला हवे होते ना?"

"अर्धी घरं ओढून बसवायची, त्याला मंडळ कसं म्हणायचं?"

"आणि ज्यांना राहायचं होतं, ती अर्धी?"

"तेच कळत नाही," काका म्हणाले.

शनिवारी त्यांनी मदतीला बोलावलं. गणपतीत सकाळची आरती चुकू नये म्हणून मेडनहेडची मुलं काकांकडेच झोपायची, तेवढे दिवस घर भरायचं. वरच्या खोलीत त्यांच्या दुलया धुऊन घडी घातलेल्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यावर दोऱ्याने नाव, टाके पुरुषी आणि वाकडे.

"गाडीने पोचवशील? मुलांना आपलीच दुलई लागते."

आम्ही दुलया कचऱ्याच्या नव्या काळ्या पिशव्यांत भरल्या. पलंगावर एक राहिली होती, तिला मी हात घातला.

"ती असू दे," काका म्हणाले. "राहुल-मृणालच्या रेवाची आहे. तिचं मत अजून आलेलं नाही."