इंग्रजीच्या अक्षता

मी पहिल्यांदा सखारामअण्णांच्या घरात डोकावलो, तेव्हा ते हातात छडी घेऊन तपेलीला दम भरत होते. म्हटलं, झालं! शेजार मिळाला तोही असला. घागर, कळशी, परात, तपेली अशी घरातली सगळी भांडी ओळीनं मांडलेली, समोर खडूनं गिरवलेला फळा आणि कोट-मुंडासं घातलेले अण्णा.

"या गुर्जी. ही तपेली बगा, लई ढ! कवाधरनं शिकवतुया, तोंडातनं अक्षार न्हाई."

"आणि परात?"

"तिचं डोस्कंच पसरट. आत जातं, पर ऱ्हात न्हाई."

मी वेल्ह्याच्या शाळेत मास्तर, पण एवढ्या शिस्तीचा वर्ग मला जन्मात मिळाला नव्हता!

अण्णांचा सारा जन्म पुण्याच्या लष्कर भागात, एका साहेबाच्या बंगल्यावर स्वयंपाक करण्यात गेला. साहेब विलायतेला गेला नि अण्णा गावी परतले. लग्न केलेलं नव्हतं, म्हातारी आई त्याआधीच वारलेली. येताना ते साहेबाचा जुना कोट आणि ऐकून ऐकून पाठ झालेलं इंग्रजी घेऊन आले. सकाळी म्हशीला 'गुड मॉर्निंग', ओसरीवर चढलेल्या कोंबड्यांना 'गेट आऊट'. कोंबड्या ऐकत, म्हैस ढिम्म.

आता त्यांनी मनावर घेतलं होतं की गावातल्या मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायचं. "आपली मानसं पुन्या-म्हमईला कामाला जात्यात, आन् सायेब बोलला की नंदीबैलावानी माना हलवत्यात. मला बगवत न्हाई. पर पयली पऱ्याक्टीस पायजे!" म्हणून ही भांड्यांची शाळा.

अण्णांनी दवंडी पिटवली. चिटपाखरू फिरकलं नाही. इंग्रजी म्हटल्यावर लोकांना वाटलं, कचेरीतलं काहीतरी लचांड असणार, उगाच अंगठे उठवून घेतील. अण्णा दिवसभर कोट घालून दारात बसले आणि दिवेलागणीला फळा पुसून आत गेले.

"अजून येक डाव बगतो, गुर्जी," दुसऱ्या दिवशी ते म्हणाले. "न्हाई आलं कुनी, तर कुलूप घालून पुन्याला जातो. हितं भांड्यांसंगं किती बोलायचं?"

पुढं मी शाळेच्या कामाला भोरला गेलो आणि तेवढ्यात अण्णांनी घोळ घातला. बोलावणं कसं मानाचं हवं, म्हणून ते ताटात हळदीकुंकवाच्या अक्षता घेऊन घरोघर फिरले. इंग्रजीचं नाव मुद्दाम काढलं नाही, न जाणो माणसं पुन्हा बिचकायची. प्रत्येकाच्या हातावर अक्षता ठेवून एवढंच म्हणाले, "आयतवारी दुपारच्याला घरी यायचं. शुभकार्य हाय."

आता आमच्या गावात घरोघर अक्षता फिरतात त्या लग्नाच्या! अहो, दुसरं कोण काय समजणार?

रविवारी मी परतलो तो अण्णांच्या दारात ही गर्दी. बायका ठेवणीतली लुगडी नेसून, पुरुष नवी मुंडाशी बांधून, कुणी नारळ, कुणी खण, कुणी पायलीभर तांदूळ घेऊन आलेला. सनई आणि हलगी न बोलावता आलेली. आणि अण्णा दोन्ही हात जोडून, आनंदानं पार वेडे होऊन, "गुड आफ्टरनून, गुड आफ्टरनून" करताहेत!

सगळे आत दाटीवाटीनं बसले. गावातली सगळ्यांत थोरली ठकूबाई पुढं सरकली.

"सखाराम, नवरी कुटं बशिवलीया रं? तोंड तरी दाव."

"नवरी? कसली नवरी? ह्यो इंग्रजीचा क्लास हाय, मावशी!"

हलगी थांबली. मग जो हशा उसळला तो काही विचारू नका. मीही खांबाला धरून हसलो. हसता हसता माणसं उठायला लागली, नारळ पुन्हा पदराखाली गेले. अण्णा फळ्याशी उभे होते, हातातला खडू मोडला होता. आता अण्णा कुलूप घालून पुण्याला जाणार, माझ्या मनात आलं.

"बसा समदी," ठकूबाई ओरडली. "आक्षता घेतल्याती. दोन घास इंग्रजी खाऊन जाऊ."

माणसं बसली. अण्णांना हुरूप आला. साहेबाच्या घरात कसं शिरायचं, हा पहिला धडा. "मी भाईर जानार, दार लोटून कडी वाजवनार, तुमी आतनं म्हनायचं, 'कम इन!' मंजी आत या."

कडी वाजली. "कम इन!" अख्खं घर गरजलं. हलगीवाल्यानंही थाप दिली. अण्णा रुबाबात आत आले. "व्हेरी गुड! पर पऱ्याक्टीस पायजे!" पुन्हा बाहेर, पुन्हा कडी, पुन्हा "कम इन!" बायका हसून हसून बेजार. अण्णा पुन्हा बाहेर गेले.

कडी काही वाजेना. मी मागच्या दारानं वळसा घालून गेलो. अण्णा कडीवर हात ठेवून उभे, आणि साहेबाच्या कोटाच्या बाहीनं डोळे पुसताहेत.

"काय झालं, अण्णा?"

"काय न्हाई, गुर्जी. म्याच कुलूप लावायचं, म्याच काडायचं. आई गेल्यापासनं ह्या घरातनं मला कुनी 'ये' म्हनलंच नव्हतं."

मी तसाच आत येऊन माणसांत बसलो. जरा वेळानं कडी वाजली. सगळ्यांच्या आधी मीच ओरडलो. ठकूबाई मात्र इंग्रजी विसरली.

"ये रं बाबा, ये," ती म्हणाली. "घर तुजंच हाय."

अण्णांनी तिची चूक काढली नाही.