हिवरखिंडीत आधी कोण उतरले त्याची बखर

श्री. चाक ज्याचे हाती तो प्रसन्न असो. शके एकोणीसशे चार, दुंदुभी नाम संवत्सरे, पौष मासी, आदितवारी जे घडले त्याची हकीगत. वाचणार थोर, त्यांचे सेवेसी विज्ञापना ऐसी की, लेखक स्वारीत पुढे कधीच नव्हता, मागेच असे, सबब जे पाहिले ते पाठीकडून पाहिले आणि धुळीतून पाहिले. अधिकउणे उतरले असेल. जाणत्यांनी सुधारून घ्यावे आणि न सुधारे तर सोडून द्यावे.

मुलूख कोणता ते लिहीत नाही. मुलूख ऐसा की सपाट म्हणावा तर चढ लागे आणि डोंगर म्हणावा तर लगेच उतार लागे, माळामागे माळ आणि मधल्या सखल भागांत ज्वारी, करडई आणि हरभरा, आणि सकाळी धुके ओढ्यावर बसलेले असे. कोसा-दीडकोसावर काही ना काही जुने उभे, कोठे पडका बुरूज, कोठे पायऱ्यांची बारव, कोठे काळ्या दगडाचे महादेवाचे देऊळ, आणि बांधावर विरगळ, म्हणजे लढाईत पडल्या वीरांचे कोरीव दगड, त्यांस शेंदूर फासून लोक नवस बोलत. ऐशा मुलखाच्या कसब्यात चौघे सायकलस्वार होते. थोरले आबासाहेब तळवलीकर, टपालखात्यातून सेवानिवृत्त, अंगाने उंच, आवाजाने मृदू, जुन्या दगडांचे मोठे जाणकार. दुसरे वामनराव खरपुडे, मामलेदार कचेरीत अव्वल कारकून, जिभेने तिखट. तिसरे दत्तोबा फुलारी, बांगड्यांचे दुकानदार, देहाने जड, मनाने हलके. चौथा लेखक, त्याचे वर्णन नको. हिवाळा लागला म्हणजे दर आदितवारी हे चौघे काळ्या चोवीस इंची सायकलींवर स्वार होत, पायजम्यास क्लिपा लावीत, मागे दशम्यांची शिदोरी बांधीत आणि मुलूखगिरीस निघत. लुटून आणीत काय, तर बोरे आणि हुरडा. आबासाहेब पुढे होऊन वाट दाखवीत आणि दगड दिसला की हात वर करीत, मग सर्वांनी उतरावे, आबासाहेबांनी सांगावे, दत्तोबांनी जांभई द्यावी आणि वामनरावांनी म्हणावे, "दगडच ना? उद्याही असेल. चला."

या स्वारीचा कायदा एकच होता, आणि तो आबासाहेबांनीच सर्वांच्या जवानीत थट्टेने केला होता. चढावर थोरला उतरल्यावाचून धाकट्याने उतरू नये, आणि थोरला उतरला की सर्वांनी उतरावे. जो आधी उतरेल त्याने पुढे जन्मभर सर्वांच्या मागे चालावे आणि वाट दाखवण्यास कधी पुढे होऊ नये. थट्टेचा कायदा जुना जाहला आणि जुना जाहला म्हणोन खरा जाहला. आणि आबासाहेबांच्या माघारी पुढची जागा वामनरावांची, हे कोणी बोलत नसे पण सर्व जाणत. वामनराव तर फारच जाणत. शिकवणीस आलेल्या पोरासारखे ते वाटांची वळणे मुकाट्याने ध्यानी ठेवीत असत.

त्या आदितवारच्या आदले दिवशी वामनराव हवा भरण्याचा पंप मागावयास आबासाहेबांकडे गेले, तो आबासाहेब स्नानास गेलेले, आणि त्यांचे कुटुंब मथूबाई पंप घेऊन ओसरीवर आल्या, परंतु पंप हातातून सोडीनात. त्या बोलिल्या, "वामनभावजी, जरा थांबा. डॉक्टरांनी ह्यांना सांगितलंय, चढ बंद. छातीला झेपायचा नाही. मला हे बोलले नाहीत, मी पडद्याआड उभी होते म्हणून कळलं. आणि उद्या म्हणे हिवरखिंड!" वामनराव बोलिले, "वहिनी, मग जाऊच देऊ नका." "जाऊ नका म्हटलं तर अन्न टाकतील. जाऊ दे, पण चढू देऊ नका. आणि मी सांगितलं हे कळता कामा नये." "त्यांना अडवायचं म्हणजे वहिनी..." तेव्हा मथूबाई बोलिल्या, "अख्ख्या तालुक्याचे कागद अडवता, एक माणूस अडवता येईना?" येणेप्रमाणे बोलून पंप दिला, आणि वामनराव पंप घेऊन आले खरे, परंतु त्या रात्री चाकात हवा भरण्याचे त्यांस स्मरण राहिले नाही.

मग पहाटे वामनरावांनी दत्तोबांस आणि लेखकास वेशीबाहेर गाठून मसलत केली. ती ऐशी की, थांबवावयाचे नाही, रमवावयाचे. जेथे दगड दिसेल तेथे खोळंबावे, ऊन माथ्यावर आणावे, म्हणजे थोरले आपणहून माघारी फिरतील. मसलत नामी ठरली. पहिल्याच बांधावर विरगळ दिसली आणि आबासाहेबांनी हात वर करण्याआधी वामनराव उतरून हात जोडून उभे. "आबासाहेब, ह्या वीराच्या हातात काय आहे हो?" "ढाल." "आणि समोरच्याच्या?" "तीही ढालच." "दोघांनाही ढाली, मग मेला कसा?" आबासाहेब चष्मा पुसून सांगो लागले की, खालचे टप्प्यात लढाई, मधले टप्प्यात अप्सरा वीरास उचलून नेतात, वरचे टप्प्यात तो महादेवापाशी बसतो. वामनराव बोलिले, "म्हणजे आधी मार, मग मान. आमच्या कचेरीत उलटं." आबासाहेब हसले आणि दुसरी विरगळ दाखविली, आणि तिसरीही दाखविली. पुढे बारव लागली, तेथे दत्तोबा तळास उतरून बसले आणि पाय आखडला म्हणोन वर येईनात. देवळात लेखकाने खांबाच्या माथ्यावर छत तोलणाऱ्या किचकासंबंधे काही पुसले, ते काय पुसले ते आता आठवत नाही, परंतु उत्तर फार वेळ चालले. एका शेतात मालकाने हाक मारून हुरडा दिला, गोवऱ्यांच्या आगट्यात भाजलेला, हातावर चोळून, त्याची ऊब अद्याप तळहातास आहे ऐसे वाटते. खरे की खोटे कोण जाणे. परंतु ऊन माथ्यावर आले आणि मसलत फत्ते जाहली ऐसे वामनरावांस वाटले, तोच आबासाहेब उठले आणि डोळे पुसून बोलिले, "इतकी वर्षं मी तुम्हाला दगड दाखवतोय, आणि आज पहिल्यांदा तुम्ही पाहिलेत. आता परत कुठं जायचं? खिंड चढायची. वरच्या चौकीवरचा शिलालेख तुम्हाला दाखवल्याशिवाय मी घरी जात नाही." आणि स्वार होऊन निघालेच. दत्तोबा हळूच बोलिले, "वामनराव, तुमच्या ढालींनी घात केला." वामनराव बोलिले, "तू बारवेतच राहायला हवं होतंस. कायमचा."

हिवरखिंडीचा चढ लांब, सावली एकच, अर्ध्यावर वाकलेल्या हिवराच्या झाडाची. आबासाहेब पुढे, मागे वामनराव, मग दत्तोबा, मग लेखक. प्रथम आबासाहेब सरळ चालले, मग या कडेचे त्या कडेस नागमोडी चालले, आणि त्यांचा श्वास लोहाराचे भात्याप्रमाणे ऐकू येऊ लागला. कायदा ऐसा की थोरले उतरेनात तोवर धाकट्याने उतरू नये, आणि थोरले उतरेनात. हिवरापाशी आबासाहेबांचे पुढचे चाक डगमगले, परंतु त्यांनी पुन्हा पायट्यावर जोर दिला. ते पाहून वामनराव खाली उतरले. सायकलीची घंटा मुद्दाम वाजविली आणि सर्वांस ऐकू जाईल ऐसे बोलिले, "आबासाहेब, मी उतरलो. मला नाही जमत." ज्या मनुष्याने पुढच्या जागेसाठी वळणे पाठ केली, तो मागच्या जागेस आपल्या पायाने गेला. तेव्हा आबासाहेबही थांबले, सायकल हिवरास टेकविली आणि दगडावर बसले. पाणी प्याले. रंग मुद्रेवर परतला तेव्हा आबासाहेब बोलिले, "वामनराव, तुम्ही आधी नाही उतरलात. मी पाय टेकला होता." "आबासाहेब, तुम्ही चाललाच होता. मी पाहिलं." "थोरला मी का तुम्ही?" "तुम्ही." "मग मी टेकला होता." ऐसे म्हणोन थोडे थांबले आणि पुसले, "हिनं सांगितलं ना?" वामनराव मान खाली घालून सायकलीची साखळी पाहो लागले. आबासाहेब बोलिले, "तुम्हाला विरगळीवर ढाल दिसायला लागली तेव्हाच ओळखलं. पण प्रश्न चांगले होते हो. थांबवेना मला."

दत्तोबांनी न राहवून पुसले, "मग ओळखल्यावर चढलात कशाला?" आबासाहेब बोलिले, "मी उतरलो की तुम्ही सगळे उतरणार. कायदाच तसा. तुमच्या पायात अजून जोर आहे, माझ्यापायी तुमचा चढ का बुडवायचा? गेले दोन हिवाळे मी वाट बघतोय, तुमच्यातला कोणीतरी दमेल म्हणून." तेव्हा दत्तोबांनी कपाळावर हात मारला. "आमचा चढ? अहो, दोन हिवाळे मी खंडोबाला म्हणतोय, बाबा रे, ह्या माणसाला उतरव! माझे गुडघे कडकड वाजतात ते तुम्हाला ऐकू येत नाहीत?" वामनराव बोलिले, "मला वाटायचं तुझी साखळी वाजते." मग प्रथम आबासाहेब हसले, मग सर्व हसले, ऐसे हसले की चढावरून गुरे घेऊन उतरणारा गुराखी थांबून पाहो लागला. हसणे सरल्यावर कज्जा पुन्हा उभा राहिला. वामनराव म्हणत मी आधी उतरलो, मागे चालणे माझे. आबासाहेब म्हणत मी आधी. शेवटी दोघे लेखकाकडे वळले, कारण लेखक मागे होता. लेखक बोलिला की, चष्म्यावर घाम होता, एकदमच उतरलेले दिसले. आबासाहेब बोलिले, "मग तसंच लिहा." वामनराव बोलिले, "हे लिहिणार? मग झालाच इतिहास." नंतर चौघांनी सायकली हातात धरून वर नेल्या, चौकी पाहिली, अक्षरे झिजलेली होती, आबासाहेबांनी बोट फिरवीत ती वाचली, की पाठ म्हटली, ते देव जाणे. परतताना उताराचे तोंडाशी आबासाहेब वामनरावांस बोलिले, "पुढे व्हा." "आणि कायदा?" "मीच केलाय. पुढे व्हा म्हणतो ना!" मग वामनराव पुढे जाहले, आणि मागून आबासाहेबांनी दोन्ही पाय पायट्यांवरून उचलून पसरले आणि उतारभर आरोळी दिली. तैसा आवाज लेखकाने पुन्हा कोणाचाही ऐकिला नाही.

त्याउपरी आबासाहेब पुष्कळ हिवाळे स्वारीस आले आणि दर खेपेस हिवरापाशी सर्व एकत्र उतरत, आणि दर खेपेस दोघांचा तोच कज्जा चाले, प्रत्येक म्हणे की मीच आधी. मथूबाई म्हणत, "दगडांचं पुरे झालं, आता ह्या एका पायाचं चाललंय." पुढे आबासाहेब घरीच, खुर्चीत वाचीत असता, कैलासवासी जाहले. दत्तोबांचे गुडघे गेले. राहिले वामनराव आणि लेखक. मुलखात सरकारने फलक लाविले, तपकिरी, त्यावर सायकलीचे चित्र आणि बाण आणि किती अंतर ते, आणि शहरांतून नवे स्वार येऊ लागले, डोक्यास शिरस्त्राण, सायकलींस गिअर, चढ त्यांस चढ वाटेना. चांगले स्वार होते. आमच्याहून चांगले. गेल्या हिवाळ्यात वामनराव आणि लेखक खिंडीत गेले आणि रिवाजाप्रमाणे हिवरापाशी उतरले, तो खालून एक टोळी आली आणि सुरकन पुढे गेली. त्यातली एक तरुण बाई मात्र थांबली आणि बोलिली, "काका, बरं वाटतंय ना? पाणी देऊ?" वामनराव बोलिले, "बरं आहे, बाई. आमच्यात इथं उतरतात." "का? देव आहे का इथं?" "देव नाही. आमचे थोरले इथं उतरले होते." तिने पुसले, "कधी?" वामनरावांनी सायकल हिवरास टेकविली. मग बोलिले, "माझ्या आधी."

ती बाई सायकलीवरून उतरली आणि उरला चढ पायी चालली. हिवरखिंडीच्या कज्ज्याचा निवाडा येणेप्रमाणे जाहला. लेखकाने वर चष्म्याचे आणि घामाचे लिहिले ते तसेच असो द्यावे. येथे लेखणी उतरली.