ताईच्या गाडीतला तापट अँप्लिफायर

"गाडीत म्युझिक सिस्टिम बसवणं म्हणजे चार वायरी जोडणं नव्हे," असं मास्तर ज्याला त्याला ऐकवत. मास्तर कुठल्या शाळेत शिकवत नव्हते बरं का. त्यांचं गाड्यांना स्पीकर आणि अँप्लिफायर बसवून द्यायचं दुकान होतं. पण गिऱ्हाईक नुसता भाव विचारायला आलं तरी ते आधी अर्धा तास शिकवणी घेत, म्हणून हे नाव पडलं. "माझ्या हातचा अँप्लिफायर बारा वर्षांत एकदाही तापून बंद पडलेला नाही," या वाक्यावर शिकवणी संपायची, आणि ते खरंही होतं. मग त्यांनी स्वतःच्या सख्ख्या मोठ्या बहिणीच्या गाडीत एक बसवला.

ताई बायकांचा व्यायामवर्ग चालवायची. रोज सकाळी मैदानाच्या कडेला गाडी लावायची, डिकी उघडायची, आतले स्पीकर दणदणायला लागले की चाळीस बायका तालावर हातपाय हलवायच्या. गाणी बंद पडली की त्याच चाळीस बायका गवतावर बसून घरच्या गोष्टी काढायच्या, आणि मग त्यांना उठवणं ताईच्या बापाला जमलं नसतं. आता तिचा बाप तोच मास्तरांचा बाप, त्यामुळे जबाबदारी घरचीच होती. मास्तरांनी मागच्या सीटच्या पाठीला, डिकीच्या बाजूने, चांगला दणकट अँप्लिफायर लावला, गाडी ताईच्या दारात नेली आणि सवयीप्रमाणे शिकवणी घेतली. ताई फोनवर बोलत होती. तिच्या सासूबाईंनी मात्र चष्मा लावून शब्द न् शब्द ऐकला.

आठव्या दिवशी अँप्लिफायर जळाला.

मास्तर हसले. कंपनीचाच माल खराब निघाला असणार, म्हणून त्यांनी गाडी दुकानात मागवून दुसरा लावला. तो बारा दिवस टिकला. आता मास्तरांचं हसू जरा आखडतं झालं. त्यांनी गाडी परत दुकानात घेतली, मल्टिमीटर लावून एकेक वायर तपासली, अर्थिंगच्या बोल्टाखालचा रंग पत्रा चमकेपर्यंत खरवडला आणि तिसरा अँप्लिफायर बसवला. दोन तास मोठ्या आवाजात गाणी लावून ठेवली. शेजारच्या पंक्चरवाल्याने कानात कापूस घातला, पण अँप्लिफायर थंडगार.

"तुझा भाऊ काय चीज आहे, ते आता बघ," ते ताईला म्हणाले.

तिसऱ्या दिवशी ताईचा फोन आला. "बघितलं. लाल दिवा लागलाय आणि आवाज गेलाय. या वेळी जळला नाही एवढीच कृपा."

मास्तरांनी स्टिअरिंगजवळ आणून बसवलेला लाल दिवा म्हणजे आतलं संरक्षण. फार तापलं की यंत्र स्वतःहून गप्प बसतं आणि निवल्यावर पुन्हा बोलायला लागतं. मास्तर चिडले. "तू आवाज वाढवत असशील."

"मी हात नाही लावला."

"मग बायकांच्या चटया त्याच्यावर रचत असशील."

"चटया मी पुढच्या सीटवर ठेवते. अरे, आपलं काम नीट होत नसेल तर तसं सांग ना. मी समोरच्या दुकानात जाते."

समोरचं दुकान! मास्तरांनी गाडी पुन्हा आणवली, पुन्हा सगळं उचकटलं, स्पीकर बदलून पाहिले, वर एक छोटा पंखा बसवला. दुकानात पुन्हा तेच, दोन तास थंडगार. ताईच्या घरी गाडी गेली की चौथ्या दिवशी लाल दिवा. मास्तरांची झोप उडाली. जेवताना ते पोळीचे तुकडे वायरींसारखे मांडून बसायचे आणि बायको ते ताट पुढ्यातून ओढून घ्यायची.

त्यातच मैदानाच्या कमिटीने ठरवलं, की सकाळची वेळ एकाच मंडळाला मिळेल. एकीकडे ताईचा वर्ग, दुसरीकडे हास्यक्लब. रविवारी येऊन आम्ही दोघांचं बघू, म्हणाले. हास्यक्लबला ना वायर लागत होती ना अँप्लिफायर. ताईने सहा वर्षं खपून तो वर्ग उभा केला होता. ती भावाला फक्त एवढंच म्हणाली, "रविवारी बंद पडला ना, तर माझा वर्ग गेला." ती चिडून बोलली असती तर परवडलं असतं. ती हळू आवाजात बोलली.

रविवारी मास्तर जातीने हजर झाले. गाडीकडे जायचं सोडून त्यांनी आधी काय करावं? कमिटीच्या अध्यक्षांना गाठलं आणि वीस मिनिटं अर्थिंग समजावून सांगितलं. "सगळा खेळ त्या एका बोल्टाचा असतो, साहेब. तो ढिला ठेवणारा कारागीर मी दुकानाच्या पायरीवर उभा करणार नाही." अध्यक्ष मान डोलावत राहिले. पहिल्या रांगेत खुर्ची टाकून सासूबाईही बसल्या होत्या. गाणी सुरू झाली, चाळीस बायका एका तालात वाकल्या, उठल्या, वळल्या. बघण्यासारखं दृश्य होतं. सगळ्यांचे हात वर गेले आणि आवाज बंद.

चाळीस बायका हात वर करून तशाच उभ्या. झाडाखालून हास्यक्लबच्या लोकांचा हसण्याचा आवाज आला. तो त्यांचा सरावही असेल, पण मास्तरांना तो कानशिलात बसल्यासारखा लागला. ते पळत सुटले, डिकीत डोकं घातलं, अँप्लिफायरवर हात ठेवला. हाताला लागलं काहीतरी मऊ.

अँप्लिफायरने कपडे घातले होते.

जाड, कापूस भरलेलं, टिपा मारून शिवलेलं कव्हर. चारी बाजूंनी इलास्टिक, कडेला झालर, मधोमध भरतकामाची फुलं. पंख्याच्या जाळीवर तर दुहेरी अस्तर होतं. मास्तर बघतच राहिले. ताईच्या घरात मिक्सरला कव्हर होतं, रिमोटला होतं, टेबलफॅनलाही होतं. झाकलेल्या वस्तूंकडे लक्ष देणं ताईने कधीच सोडून दिलं होतं. आणि गाडी दुकानात जायची तेव्हा काय व्हायचं? परक्याच्या दारी मळकं कव्हर जाऊ नये, म्हणून सासूबाई ते काढून धुवायला टाकायच्या, आणि गाडी घरी आली की वाळलेलं पुन्हा चढवायच्या.

मास्तरांनी कव्हर ओढून काढलं, मागोमाग धावत आलेल्या अध्यक्षांच्या हातातला कागद हिसकावला आणि वारा घालायला लागले. तिकडे ताईने खणखणीत आवाजात आकडे मोजायला सुरुवात केली. "एक, दोन, तीन, चार, वाकू नका, पाच." बायका तिच्या आवाजावर हलू लागल्या. एकही खाली बसली नाही. चार मिनिटांनी लाल दिवा विझला, हिरवा लागला, गाणं दणक्यात सुरू झालं आणि शेवटपर्यंत चाललं. मास्तरांना इतकं हलकं वाटलं की ते डिकीतच बसले. चूक त्यांची नव्हतीच! बारा वर्षांचं नाव शाबूत होतं, आणि हे आता साऱ्या मैदानाला ओरडून सांगायचं तेवढं बाकी होतं.

वर्ग संपल्यावर अध्यक्ष आले. "सकाळची वेळ तुमच्या वर्गालाच," ते ताईला म्हणाले. "गाणं गेलं तरी एकही बाई रांग सोडून गेली नाही. पण बिघाड होता तरी कशात?"

मास्तरांनी कव्हर उंच धरलं आणि तोंड उघडलं. तेवढ्यात सासूबाई येऊन पोचल्या.

"ते का रे काढलंस? तूच म्हणालास ना, धूळ म्हणजे याचा वैरी, एक कणसुद्धा आत जाता कामा नये? डोळ्यांनी नीट दिसत नाही मला, तरी चार दिवस बसून शिवलंय. पंखा लावलास, तर तिथून धूळ जाईल म्हणून परत उसवून दुहेरी केलं. आवडलं का?"

सासूबाईंच्या मागे ताई हात जोडून उभी होती. त्या सासूबाईंसोबत तिला रोज एकाच घरात राहायचं होतं. मास्तरांनी तोंड मिटलं आणि कव्हरची घडी घातली.

"फार सुंदर झालंय, मावशी. हे मला द्या. माझ्या दुकानात याहून जास्त धूळ आहे." मग ते अध्यक्षांकडे न बघता म्हणाले, "बिघाड कसला? माझीच चूक. बोल्ट ढिला राहिला होता."

"अर्थिंगचा?" अध्यक्षांनी विचारलं.

"अर्थिंगचा."

ताईने सुटकेचा श्वास सोडला. सासूबाईंनी मात्र मास्तरांच्या पाठीवरून मायेने हात फिरवला आणि साऱ्या कमिटीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मला पहिल्यापासून वाटतच होतं. मुलगा गुणी आहे हो, पण हाताला सफाई नाही."