राखलेलं पान

निकम सर स्वतःच्या लेखाच्या झेरॉक्स सगळ्यांना फुकट वाटतात, पण शेवटचं पान ठेवून.

कॉलेज रोडवरच्या ज्या दुकानात मी झेरॉक्स काढते, तिथे ते नेहमी येतात. मराठीचे रिटायर प्रोफेसर, लोकसाहित्यवाले. कुठे चर्चासत्र असलं की गठ्ठाच काढतात. पहिल्यांदा मी घाबरले. आठवीत शाळा सुटलेली, वाशीमहून इतक्या लांब आलेली, नोकरी नवी. पान राहिलं तर माझ्यावरच येणार. म्हटलं, "सर, एक पान राहिलं."

"राहिलं नाही ताई, राखलंय. जो वाचेल तो मागायला येईल. विद्या हातोहात जावी."

त्याच दिवशी माझ्या हातून मशीनमध्ये कागद अडकला. मालक ओरडायच्या आत सर म्हणाले, "माझाच कागद चुरगळलेला होता." नव्हता. ते मी विसरत नाही.

मध्यंतरीचा लेख कोड्यांवर होता. कोडी आत, उत्तरं सगळी शेवटच्या पानावर. वाटून झाल्यावर सर रोज काउंटरला टेकून विचारायचे, "कोणी माझं घर विचारलं?" घर मागच्याच गल्लीत.

एक मॅडम आल्या खऱ्या. "तुमच्या मशीननं शेवटचं पान खाल्लंय."

"ते सरांकडे आहे. मागच्या गल्लीत राहतात."

"तेवढा वेळ कुठाय? ग्रुपवर पीडीएफ टाकायला सांगा ना. मला नुसती संदर्भयादी हवीये."

सरांना पीडीएफचं सांगितलं, यादीचं गाळलं.

"पीडीएफ चहाला येते का?" सर हसले. पण दुसऱ्या दिवसापासून घराचं विचारायचं त्यांनी सोडून दिलं.

रविवारी मीच गेले. पुसट निघालेली एक प्रत घरी नेऊन ओळीखाली बोट धरून वाचली होती. सरांच्या टेबलावर शेवटच्या पानांचा गठ्ठा तसाच, शेजारी दोन कप पालथे.

"सर, ते 'दोघी जावा एकीवर एक, भांडल्या की घर जेवतं'. उत्तर जातं ना?"

सरांनी दोन्ही कप सुलटे केले. "कळेल. आधी चहा."

चहा झाला, आमच्या वाशीमकडची कोडी विचारून झाली, मग पान मिळालं. जातंच होतं. निघताना त्यांनी आणखी एक लेख हातात दिला, उखाण्यांवरचा.

गल्लीच्या तोंडाशी येऊन मी तो उलटून पाहिला. शेवटचं पान नव्हतं.