शिक्क्याचं लुगडं

श्रीनाथच्या लेखी जगात दोनच कुळं होती: अस्सल आणि नक्कल. बेळगावच्या शहापुरातल्या त्याच्या साड्यांच्या दुकानात मात्र तिसरंही एक नांदत असे. ते वडगावच्या यंत्रमागावर खडखडाट करीत जन्माला येई आणि दुकानात आल्यावर ‘अस्सल हातमाग’ असा सोनेरी शिक्का लेवून कुलीन होई. हे चिकटवायचे शिक्के गल्लीतल्याच छापखान्यात गुंडाळीने छापले जात. याचा श्रीनाथच्या नीतिमत्तेशी काही संबंध नव्हता. त्याची नीतिमत्ता जपानी बाहुल्यांसाठी राखून ठेवलेली होती.

ॲनिमे मालिकांतल्या योद्ध्यांच्या, राजकन्यांच्या त्या देखण्या मूर्ती ऑनलाइन मागवणारे शौकीन बेळगावात बरेच होते. त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर श्रीनाथ न्यायाधीश होता. कुणी नव्या मूर्तीचा फोटो टाकला की तो तिच्या मानेवरचा सांधा, केसांच्या कडेचा रंग, पेटीवरची छपाई न्याहाळी आणि निकाल देई. रक्षा नावाच्या एका मुलीने पहिल्या पगारातून घेतलेली बाहुली तिथे कौतुकाने दाखवली होती. रक्षाला त्याने कधी पाहिलेलंही नव्हतं. त्याने लिहिलं, “पेटीवरचा शिक्का बघा. खरा शिक्का एकदाच चिकटतो. उचकटला तर फाटतो आणि मागे पापुद्र्याची जाळी सोडतो. तुमच्या शिक्क्याचा कोपरा अखंड उचलला गेला आहे. नक्कल. अशी वस्तू घरात ठेवणं हा कलेचा अपमान आहे.”

श्रीनाथला आपल्याच वाक्यांचा नाद बराच वेळ ऐकू येत राहिला.

आणि मग त्याची स्वतःची आली. निळ्या केसांची, चंद्रकोरीसारखी तलवार पेललेली योद्धी. विकणाऱ्याकडून त्याने पेटीचे सर्व बाजूंनी फोटो मागवले होते, शिक्का उन्हात धरायला लावला होता. किंमत इतकी कमी कशी, हा प्रश्न त्यालाही पडला होता. पण विकणारा भला माणूस असावा, असं त्याने ठरवून टाकलं. रविवारी टिळकवाडीत शौकिनांचा मेळावा होता. न उघडलेली ही पेटी टेबलावर ठेवून तो ‘नक्कल कशी ओळखावी’ या विषयावर बोलणार होता. भाषणाचा शेवट त्या शिक्क्यावरच व्हायचा होता.

पेटी गल्ल्याशेजारी ठेवून तो जेवायला घरी गेला. परतला तेव्हा शिक्क्याच्या जागी एक कोरा चौकोन त्याच्याकडे डोळे फाडून पाहत होता.

“आत्ती,” त्याचा आवाज खोल गेला होता, “हितला शिक्का कुठं गेला?”

“सदलग्याला,” त्याच्यामागे दुकान सांभाळणारी त्याची आत्या अंबुबाई साडीची घडी मोडत म्हणाली.

मग तिने सावकाश सगळं सांगितलं. सदलग्याची गुणाबाई लेकीच्या लग्नात विहिणीसाठी मानाचं लुगडं न्यायला आली होती. ‘हातमागाचं आणि शिक्क्याचंच पाहिजे’ असा विहिणीचा निरोप होता. दुकानातली शिक्क्यांची गुंडाळी संपलेली, छापखान्यातून नवी यायची होती.

“दारातलं गिऱ्हाईक परत लावू व्हय? तुझ्या खोक्यावर एक चकाकत हुता. अलगद निघाला बघ, कोपरासुदिक फाटला न्हाय. लुगड्यावर असा बसला, जणू तितंच जन्मला.”

या चार वाक्यांत श्रीनाथचं सारं भवितव्य सांगून झालं होतं; पण शोकाने त्याचे कान बधिर केले होते. तो छापखान्याकडे धावला, ओली-सुकी कशी असेल तशी नवी गुंडाळी उचलली, अदलाबदलीपुरता एक शिक्का खिशात टाकला, बाकीची अंबुबाईच्या पुढ्यात फेकली आणि मोटारसायकल चिकोडीच्या रस्त्याला लावली. दुतर्फा उसाचे तुरे वाऱ्यावर डोलत होते. त्याला ते आपल्यावर माना हलवतायत असं वाटलं.

गुणाबाईच्या दारात मांडव पडला होता. सोप्यात, तबकात लुगडं मांडलेलं होतं, शिक्का सर्वांना दिसेल असा वर काढून. शेजारणी वाकून वाकून पाहत होत्या.

“जपानी अक्षरं हाईत त्येच्यावर,” गुणाबाई अभिमानाने सांगत होती. “फारीनला जानारा माल हाय ह्यो. आमच्या नशिबानं हितं ऱ्हायला.”

श्रीनाथने घाम पुसला. चुकून दुसऱ्याच मालाचा शिक्का लागला, तो बदलून देतो, असं काहीबाही सांगून त्याने तबक पुढे ओढलं. नख कोपऱ्याखाली सरकवलं. फाटू नकोस, फाटू नकोस, अशी मनोमन आळवणी करीत त्याने हलकेच ओढलं. देव त्या दिवशी फारच प्रसन्न होता. दुधावरची साय निघावी तसा शिक्का अखंड वर आला.

“फाटला न्हाय,” दारातून कुणीतरी म्हणालं.

हळदीच्या पिवळ्या साडीतली नवरी मुलगी चौकटीला टेकून उभी होती.

“न्हाय की,” श्रीनाथ सुटकेने हसला. “देवाची कृपा.”

“पर फाटाय पायजे हुता. खरा शिक्का एकदाच चिकटतो. मागं जाळी सोडतो. ग्रुपवर तुम्हीच लिवलंय न्हवं? फोटो हाय तितं तुमचा.”

“तुम्ही...?”

“रक्षा. कलेचा अपमान करनारी.”

श्रीनाथच्या बोटावर शिक्का झगमगत राहिला, मेलेल्या माशाच्या खवल्यासारखा. निळ्या केसांची योद्धी, उन्हात धरलेला शिक्का, तो भला माणूस, सगळं त्या खवल्यात एकदम दिसलं.

“काय झालं गं?” गुणाबाईचा आवाज बारीक झाला. “शिक्का खोटा हाय व्हय?”

रक्षाने श्रीनाथकडे पाहिलं. शेजारणींनीही पाहिलं. शिक्का खोटा म्हणावं तर बाहुली बुडते आणि लुगडंही. खरा म्हणावं तर तो काढायला इतक्या लांब आलोच कशाला?

“खरा हाय,” तो पुटपुटला.

“मग काढताय कशाला? हाय तितं लावा. विहीण येतीया आज.”

आणि नकलेच्या त्या निष्ठुर न्यायाधीशाने आपल्या हातांनी नकली शिक्का नकली लुगड्यावर बसवला, वर अंगठा दाबून धरला. शिक्का झकास बसला.

रक्षा त्याला मांडवाबाहेर सोडायला आली.

“लुगड्याचं...” त्याने चाचरत विचारलं.

“त्येची काळजी करू नगासा. सासूला ते नेसायचं न्हाय, मिरवायचं हाय. मिरवायला शिक्का बास झाला. तुमचंबी तसंच न्हवं?” ती थांबली. “रविवारी तुमच्या भाषनाला येनार हुते मी. पर हळदीच्या अंगानं कुठं जाऊ? तेवढा माझ्या बावलीचा निकाल बदला, म्हंजे घरातच बसते.”

उसाच्या कडेला मोटारसायकल थांबवून श्रीनाथने ग्रुपवर लिहिलं, “पुनर्विचारांती कळवतो की रक्षा यांची मूर्ती अस्सल आहे. माझी नजर चुकली.” त्याच्या विनयावर टाळ्यांचा पाऊस पडला. कुणीतरी लगेच विचारलं, सर, तुमच्या पेटीचा फोटो कधी टाकताय?

तो दुकानात पोचला तेव्हा अंबुबाई प्रसन्न होती.

“घावला न्हाय न्हवं? नसू दे. खोकं मोकळं दिसत हुतं, म्हनून मीच लावून टाकला एक.”

पेटीवरच्या कोऱ्या चौकोनात, निळ्या केसांच्या योद्धीच्या पायाशी, सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं: अस्सल हातमाग.

श्रीनाथने नखाने कोपरा उचकटून पाहिला. शिक्का टरकन फाटला आणि मागे जाळी सोडून गेला. त्याच्याच कसोटीनुसार, त्या दुकानात तेवढी एकच वस्तू अस्सल होती.